तीन वार

गेल्या नोव्हेंबरात आमच्या गावच्या ख्रिस्ती मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, कापणीचा सण झाला आणि त्या सणाच्या लिलावात मी पाचशे रुपयांना एक डांगर विकत घेतले. बोली संपली तेव्हा लोकांनी टाळ्या वाजवल्या, पाळकसाहेबांनी समाधानाने मान हलवली, खजिनदारांनी वहीत माझे नाव लिहून त्यापुढे आकडा मांडला आणि एका लहान मुलाने ते डांगर दोन्ही हातांनी छातीशी धरून माझ्या खुर्चीपाशी आणून ठेवले. पाच-सहा किलोचे असेल. एका बाजूने त्याची साल फिकट पिवळी होती, म्हणजे वेलावर असताना ते त्या बाजूने जमिनीला टेकलेले होते, आणि देठाच्या खोबणीत अजून थोडी माती होती. मी सहज समोर पाहिले. बायकांच्या रांगेत वेशीतल्या मावशी बसल्या होत्या. कनवटीची छोटी कापडी पिशवी त्यांच्या मांडीवर उघडी होती. ती त्यांनी सावकाश गुंडाळली, तिच्या तोंडाला दोऱ्याचे दोन फेरे दिले आणि परत कनवटीला लावली. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता, नाराजीही दिसली नाही. तरीही दोऱ्याचे ते दोन फेरे मला पुण्याला परत येईपर्यंत, आणि आल्यानंतरही, दिसत राहिले.

डांगर त्यांनीच आणलेले होते, हे मला ठाऊक होते. म्हणून तर मी बोली वाढवली होती. त्या ते डोक्यावर घेऊन मंडळीच्या फाटकातून आत येताना मी पाहिले होते. सत्तरीच्या बाईने एवढे ओझे वेशीपासून चालत आणावे आणि ते वीस-तीस रुपयांना जावे, हे मला सहन होणारे नव्हते. माझ्या मनात प्रेमच होते. मावशींनी पन्नास म्हटले तेव्हा मला वाटले की, त्या आपल्या वस्तूची बोली उघडून देत आहेत. मुंबईहून आलेल्या एका तरुणाने साठ म्हटले, मावशींनी शंभर म्हटले, मी दोनशे म्हटले, त्या तरुणाने तीनशे, आणि मग मी एकदम पाचशेवर गेले. संध्याकाळी घरी डांगर ओट्यावर ठेवताना वहिनी म्हणाली, "ताई, ते मावशींना घ्यायचं होतं. त्या दर वर्षी आपलंच डांगर आपण परत विकत घेतात. तुम्हाला ठाऊक नव्हतं का?"

मला ठाऊक नव्हते. ज्या गावात मी अठरा वर्षे वाढले, त्या गावातली ही गोष्ट मला ठाऊक नव्हती.

आमचे गाव मुळा आणि प्रवरा या दोन नद्यांच्या पट्ट्यात आहे. नगरहून येणाऱ्या रस्त्याला लागून बाजारतळ आहे आणि बाजारतळाच्या वरच्या अंगाला, जुन्या मिशनच्या आवारात, मंडळीची दगडी इमारत आहे. तिच्यावर पत्र्याचे छप्पर आहे आणि समोर एक मोठा कडुनिंब. आठवड्याचा बाजार रविवारी भरतो, आणि ही एक गोष्ट आमच्या मंडळीच्या सगळ्या इतिहासाला पुरून उरली आहे. अमेरिकन मराठी मिशनचे लोक 1831 मध्ये नगरला आले आणि तिथून खेड्यापाड्यांत पसरले. रविवार हा विसाव्याचा आणि उपासनेचा दिवस, त्या दिवशी खरेदी-विक्री करायची नाही, अशी त्यांची शिकवण कडक होती. पण ज्या शेतमजुरांना त्यांनी ही शिकवण दिली, त्यांची मजुरी बाजाराच्याच दिवशी हातात पडत असे आणि आठवड्याचे मीठ-मिरची त्याच दिवशी घ्यावे लागे. माझी आजी रविवारी बाजारात पाऊल ठेवत नसे. शेजारच्या माळीणबाई तिच्यासाठी भाजी आणून ठेवत आणि आजी सोमवारी सकाळी पैसे देत असे. पैसे सोमवारी दिले की खरेदी सोमवारची झाली, असा तिचा हिशेब होता, आणि तो तिने आयुष्यभर मनापासून पाळला. वडिलांच्या पिढीने तो सोडला. उपासना सकाळी साडेआठला होऊ लागली, म्हणजे साडेदहापर्यंत लोक मोकळे होतात आणि तोवर बाजार नुकता भरत आलेला असतो. उपासनेच्या शेवटच्या गीतापर्यंत खालून हातगाड्यांचे आवाज, कोथिंबिरीचा वास आणि भेळवाल्याच्या कढईतला तेलाचा वास वर येऊ लागतो. लहानपणी आशीर्वादाच्या प्रार्थनेला डोळे मिटून उभे असताना मला तो वास आला की तोंडाला पाणी सुटायचे, आणि ते पाप आहे की काय याची मला खरोखर भीती वाटायची.

कापणीच्या सणाला मात्र बाजारच मंडळीत येतो. बाजरी घरात आली, दिवाळी झाली आणि कारखान्यांचा हंगाम सुरू झाला की एक रविवार ठरतो. आदल्या संध्याकाळपासून लोक जिन्नस आणू लागतात. वेदीसमोर सतरंजी अंथरलेली असते. तिच्यावर बाजरीची कणसे, भुईमुगाच्या शेंगा, पेरू, नारळ, मेथीच्या जुड्या, घमेल्यात भुसा घालून त्यात ठेवलेली अंडी, पाय बांधलेला एखादा कोंबडा, आणि दाराशी टेकवून ठेवलेल्या उसाच्या मोळ्या. ज्यांना शेत नाही ते साबणाच्या वड्या, बिस्किटांचे पुडे किंवा स्टीलचा डबा आणतात. नोकरीवाले पाकीट आणतात, पण पाकिटाला सतरंजीवर जागा नसते. ते पिशवीत जाते. उपासना चालू असताना कोंबडा ओरडतो आणि मुले हसतात, आणि त्या दिवशी त्यांना कुणी रागावत नाही. उपासना संपली की सगळे सामान कडुनिंबाखाली नेतात आणि लिलाव सुरू होतो.

या लिलावाचा भाव बाजाराच्या भावाशी जुळत नाही आणि जुळावा अशी कुणाची अपेक्षाही नसते. एक अंडे दोनशे रुपयांना जाते. नारळ घेणारा पैसे भरतो आणि नारळ पुन्हा मंडळीला देतो; मग त्याच नारळाची परत बोली लागते. एकच नारळ चार वेळा विकला गेलेला मी पाहिलेला आहे. बाजारतळावर फळांची गाडी लावणारे एक बागवान चाचा दर वर्षी त्या दिवशी मुलाला गाडीवर बसवून वर येतात, एक नारळ घेतात आणि परत जातात. त्यांचे वडीलही येत असत. ते का येतात हे मी त्यांना एकदा विचारले होते. "तुमच्या आजोबांनी आमच्या अब्बांना शाळेत बसवलं," एवढेच ते म्हणाले. माझे आजोबा मिशनच्या शाळेत मास्तर होते. एकाच खोलीत चार इयत्ता, आणि शाळेला आणि मंडळीला घंटाही एकच.

पूर्वी लिलाव पुकारायचे काम आमच्या गल्लीतल्या एका काकांकडे असे. ते एसटीत कंडक्टर होते आणि त्यांचा आवाज बाजारतळापर्यंत जात असे. ते 2021 च्या दुसऱ्या लाटेत गेले. वहिनीने मला सांगितले ते ऐकल्यावर मी त्यांचा पुकारा आठवून पाहिला, आणि इतक्या वर्षांत लक्षात न आलेली एक गोष्ट माझ्या लक्षात आली. त्यांचे 'एक वार, दोन वार, तीन वार' प्रत्येकासाठी सारखे नसे. शहरातून आलेल्या, चांगल्या नोकरीतल्या माणसाने बोली केली की ते 'दोन वार' म्हणून थांबत, डोक्यावरची टोपी सारखी करत, सगळ्यांकडे पाहत, एखाद्याला नावाने हाक मारत, आणि भाव वाढू देत. पण काही आवाज असे होते की ते ऐकू आल्याबरोबर काका तिन्ही वार एका श्वासात म्हणून टाकत आणि हात खाली आणत. वेशीतल्या मावशी त्यांतल्या एक होत्या. नवरा नुकता वारलेली एखादी बाई, मुलाच्या आजारातून उठलेला एखादा बाप, ज्याने घरी बोलून आपली रक्कम ठरवून आणलेली आहे असा कुणी, यांच्या बोलीवर दुसरी बोली पडणार नाही अशी ती व्यवस्था होती. ती कुठे लिहिलेली नव्हती. बसलेल्या सगळ्यांना ती माहीत असणार, कारण त्या वेळी कुणी तोंड उघडत नसे. आता लिलाव पुकारतो तो सेक्रेटरी तरुण आहे, मनाने चांगला आहे आणि त्याच्यापुढे छपराचा प्रश्न आहे. पावसाळ्यात वेदीच्या उजव्या बाजूला तीन बादल्या ठेवाव्या लागतात. त्याने माझ्या पाचशेवर आनंदाने आवाज चढवला, यात त्याचा काय दोष? ते पाचशे रुपये पत्र्यांच्याच कामी येणार आहेत.

मावशी आपलेच डांगर परत का घेतात, हे वहिनीने मला थोडे सांगितले आणि बाकीचे मी जानेवारीत त्यांच्याच तोंडून ऐकले. त्यांच्या घरामागे, कॅनॉलच्या पाटाशेजारी, दोन खोल्यांएवढी मोकळी जागा आहे. तिथे त्या पावसाळ्याच्या तोंडावर डांगराच्या बिया टोचतात. वेल कुंपणावर आणि बाभळीवर चढतो. बारा-पंधरा डांगरे धरतात. त्या बाकीची रविवारी, उपासनेनंतर, बाजारात गोणपाट टाकून विकतात. सबंध जात नसेल तर फोडी करून. पहिले चांगले धरलेले डांगर मात्र देवाचे. ते सणाला द्यायचे आणि विकलेल्या डांगरांतून थोडे थोडे बाजूला ठेवलेले पैसे घेऊन तिथेच सोडवून आणायचे. 'सोडवून आणायचे' हा त्यांचाच शब्द आहे. मग त्या डांगराचे घारगे करायचे आणि गल्लीत वाटायचे, मंडळीतल्या घरांतही आणि मंडळीबाहेरच्याही. आणि त्याच्याच बिया राखेत घोळवून पुढच्या वर्षीसाठी ठेवायच्या. म्हणजे त्यांच्या परसातला प्रत्येक वेल आदल्या वर्षी देवाला देऊन सोडवलेल्या डांगराचा असतो, आणि हे त्यांच्या सासूच्या वेळेपासून चालत आले आहे.

त्या वर्षी गल्लीत घारगे आले नाहीत.

मला बायबलमधल्या त्या गरीब विधवेच्या दोन टोल्यांची, म्हणजे तिने मंदिरात दान टाकलेल्या दोन अगदी लहान नाण्यांची, गोष्ट आठवणे साहजिक होते. आम्ही ती संडे स्कूलमध्ये पाठ केलेली आहे आणि कापणीच्या सणाला तिच्यावरचा उपदेश मी निदान पाच वेळा ऐकला असेल. पण मी जितका विचार केला तितके मला वाटत गेले की, ती गोष्ट इथे पुरत नाही. त्या गोष्टीत श्रीमंत लोक आपापले दान टाकून बाजूला होतात. त्या विधवेचे दान तिच्या हातातून कुणी काढून घेत नाही. मी मावशींचे शंभर रुपये देवापर्यंत जाऊ दिले नाहीत. माझ्या पाचशे रुपयांनी त्यांच्या शंभरांची जागा घेतली आणि वहीत मावशींच्या नावापुढे त्या वर्षी 'डांगर 1' एवढेच राहिले.

हे वहीतले नाव आमच्या लोकांना किती महत्त्वाचे असते, ते बाहेरच्याला सहज कळणार नाही. माझी खापरपणजी 1899-1900 च्या दुष्काळात, छपन्नच्या दुष्काळात म्हणतात त्यात, मिशनच्या अनाथगृहात आली. तिला आपल्या गावाचे नाव सांगता येत नव्हते, इतकी ती लहान होती. अशी मुले त्या काळात खूप आली, आणि त्यांच्या पुढच्या पिढ्यांना एक बोल कायमचा ऐकावा लागला: भाकरीसाठी बाटले. शाळेत मी तो ऐकलेला आहे, बाजारात वडिलांनी ऐकलेला आहे. भाकरी मिळाली हे खरे होते आणि ती मिळाली नसती तर मी नसते, हेही खरे आहे. त्यात लाज वाटण्यासारखे काय आहे हे मला आजही कळत नाही. पण ज्यांच्याबद्दल सगळे गाव 'घेणारे' म्हणून बोलते, त्या लोकांना देण्याची केवढी ओढ असते, ते कापणीच्या सणाला दिसते. मावशी 1972 च्या दुष्काळात सतरा-अठरा वर्षांच्या होत्या. त्यांनी खडी फोडली आहे, सुकडी खाल्ली आहे, लाल मिलोच्या भाकरी खाल्ल्या आहेत. त्या वेळी रांगेत उभे राहून घेतलेले सगळे त्यांना अजून आठवते, कुठे, कोणाच्या हातून आणि किती. मिशनरी गेले, बाहेरून येणारा पैसा थांबला, पाळकाचा पगार मंडळीनेच भागवायचा असे ठरले, तेव्हा लोक घाबरले होते, असे वडील सांगत. आणि तरी त्या वर्षी कापणीच्या सणाला सतरंजी कमी पडली, असेही ते सांगत.

एका पाळकांना हा लिलाव पसंत नव्हता. देवाच्या अंगणात बाजार भरवू नये, प्रभूने सराफांचे चौरंग उलथले होते, असे ते म्हणाले आणि दोन वर्षे लिलाव बंद राहिला. जिन्नस आले, ते सरळ बाजारात विकून पैसे जमा केले गेले. रक्कम निम्म्याहून खाली आली, पण लोकांना खटकले ते वेगळेच. माझी आई तेव्हा म्हणाली होती की, यंदा कुणाचे काय आले होते ते कळलेच नाही. लिलावात प्रत्येक वस्तू वर उचलून दाखवतात आणि नाव घेतात: अमक्याच्या शेतातली बाजरी, तमकीच्या कोंबडीची अंडी. वर्षातून एकदा आपले नाव आपल्या कष्टाच्या वस्तूबरोबर मोठ्याने घेतले जावे, यासाठी माणसे वाट पाहत असतात. बाजारात त्यांच्या मालाला भाव असतो, नाव नसते.

बाजारतळ आणि मंडळी यांच्यामध्ये बावीस पायऱ्या आहेत. त्या पायऱ्यांवरून मी माझ्या वडिलांना खाली आणले तो दिवसही रविवार होता. कबरस्तान गावाच्या दुसऱ्या टोकाला आहे आणि तिकडे जायला बाजारातूनच वाट आहे. घंटेचे सावकाश टोल सुरू झाले तसे खाली लोकांनी आपापली गोणपाटे ओढून घ्यायला सुरुवात केली. कुणी सांगितले नाही. कांद्याचे ढीग हातांनी मागे सारले गेले, बांगडीवालीने खोके उचलून मांडीवर घेतले, चहाच्या टपरीवरचे गाणे बंद झाले, आणि ऊसतोडीसाठी बीडकडून आलेली, आठवड्याचा बाजार करायला कोप्यांवरून पायी आलेली माणसे डोक्यावरच्या पिशव्या खाली ठेवून उभी राहिली. शवपेटी पुढे जाईपर्यंत त्या गर्दीत एक सरळ वाट पडली होती. आम्ही गात होतो. आमची गीते टाळ आणि पेटीवर गायची असतात. उपासना संगीत या आमच्या गीतांच्या पुस्तकात कितीतरी गीतांवर अभंग, साकी, दिंडी असे लिहिलेले असते, आणि 1895 मध्ये बाप्तिस्मा घेतलेल्या नारायण वामन टिळकांची कितीतरी गीते त्यात आहेत. टिळक आणि लक्ष्मीबाई काही वर्षे आमच्या जवळच राहुरीला राहत असल्यामुळे आमच्याकडची म्हातारी माणसे त्यांच्याविषयी घरच्या वडीलधाऱ्यांविषयी बोलावे तसे बोलत. त्या दिवशी अभंगाच्या चालीवरचे ते गीत चालू असताना बाजारातल्या एका वारकरी म्हाताऱ्याने, गळ्यात माळ असलेल्या, आपल्या जागेवर उभे राहून टाळी धरली. तो कोण होता हे मला माहीत नाही. मी मागे वळून पाहिले तेव्हा वाट मिटली होती आणि भाव पुन्हा सुरू झाले होते.

असे गाव मागे सोडून गेलेली माणसे कापणीच्या सणाला आणि नाताळला परत येतात, आणि आमच्या पाकिटांवर मंडळीचे बरेच काही चालते. गावात राहिलेल्यांची संख्या कमी होत आहे. रांगेत जी माणसे दिसत नाहीत, ती सगळीच गाव सोडून गेलेली नाहीत, हेही लिहिले पाहिजे. 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशाप्रमाणे अनुसूचित जातीच्या सवलती ख्रिस्ती माणसाला मिळत नाहीत. शिखांना त्या 1956 मध्ये आणि बौद्धांना 1990 मध्ये मिळाल्या. त्यामुळे एकाच आजोबांच्या नातवंडांत एकाला सवलत आहे आणि दुसऱ्याला नाही, आणि ज्याला नाही त्याच्या घरची विहीर, वस्ती आणि वाट्याला येणारी वागणूक मात्र तीच आहे. मुलाच्या फीचा प्रश्न आला की एखादा बाप मंडळीत येणे कमी करतो. तो पायऱ्यांच्या खाली, बाजारात भेटतो, 'सलाम' म्हणतो आणि डोळे दुसरीकडे वळवतो. त्याची बायको मात्र सणाच्या आदल्या संध्याकाळी, अंधार पडल्यावर, शेंगांची पिशवी आणून सतरंजीच्या कडेला ठेवून जाते. तिची पिशवी लिलावात वर उचलली जाते तेव्हा कुणाचे नाव घेतले जात नाही. ते कंडक्टरकाका अशा वेळी म्हणायचे, "ही देवाच्या लेकराची," आणि बोली सुरू करायचे.

डांगर पुण्यात माझ्या ओट्यावर दोन महिने राहिले. मला ते चिरता येईना. जानेवारीतल्या एका शनिवारी मी ते कापडी पिशवीत घालून शिवाजीनगरहून एसटीने निघाले, रात्री भावाकडे राहिले आणि रविवारी उपासना झाल्यावर पायऱ्या उतरून बाजारात गेले. मावशी लोहारांच्या पालांजवळ गोणपाट टाकून बसल्या होत्या. समोर मेथी, थोडे वाल आणि डांगराच्या चार फोडी. मी खाली बसले आणि पिशवीतून डांगर काढून त्यांच्यापुढे ठेवले. त्यांनी ते ओळखले. फिकट बाजू वर करून त्यांनी ते हातात फिरवले आणि बुडाला एका जागी अंगठा दाबला.

"खालून मऊ पडलंय," त्या म्हणाल्या. "फरशीवर ठेवलं व्हतंस का? चुंबळीवर ठेवायचं असतं."

मी म्हणाले की मला ठाऊक नव्हते, आणि हे मी दोन्ही गोष्टींबद्दल म्हणाले. मी ते तुम्हाला द्यायला आणले आहे, असेही म्हणाले. मावशींनी मान हलवली आणि कनवटीची पिशवी काढली. दोऱ्याचे दोन फेरे सोडले. आतून दहाच्या, वीसच्या नोटा निघाल्या आणि काही नाणी. त्या त्यांनी मेथीच्या जुड्यांशेजारी गोणपाटावर एकेक करून मांडल्या.

"मावशी, नको. तुमचंच आहे ते."

"माझं कसं? तू घेतलंय देवाच्या दारात. फुकट न्यायचं नसतंय." त्यांनी पुन्हा एकदा मोजले. "माझी बोली शंभराची व्हती. तेवढेच देते. जास्तीचे न्हाईत माझ्याकडं."

मी ते पैसे घेतले. न घेणे शक्य नव्हते. त्यांनी विळीवर डांगर उभे चिरले. आतला केशरी गर अजून घट्ट होता. बुडाशी हाताच्या तळव्याएवढा भाग काळा पडला होता, तो त्यांनी काढून गाईसाठी बाजूला ठेवला. मग बोटांनी दोरे सोडवत बिया काढल्या आणि वर्तमानपत्रावर पसरल्या. पोचट निघालेल्या बिया त्या चिमटीत दाबून बाजूला टाकत होत्या. मध्येच एक गिऱ्हाईक आले, वालाचा भाव विचारून गेले. माझ्याकडे न पाहता मावशी म्हणाल्या, "संध्याकाळी ये. घारगे करते. तुझ्या वहिनीलाबी आण." शेजारच्या पालावर भाता चालू होता आणि त्याच्या वाऱ्याने वर्तमानपत्राची कडा हलत होती, म्हणून मी तिच्यावर हात ठेवून बसले.

पुढच्या रविवारी पुण्याच्या मंडळीत अर्पणाची पिशवी माझ्या रांगेत आली. मावशींच्या त्या नोटा आणि नाणी उपासना संगीताच्या पानांत घडी घातलेल्या रुमालात होती. त्या इथे टाकायच्या नाहीत, तिकडेच, त्या वहीत जिथे 'डांगर 1' लिहिले आहे तिथे त्यांची नोंद व्हायला हवी, असे मला वाटले. मी पर्समधून माझी नोट काढून टाकली आणि पिशवी पुढे दिली. भावाला मी त्याच संध्याकाळी फोन केला. खजिनदारांनी वर्षाची वही अजून बंद केली आहे की नाही, ते तो विचारून सांगणार आहे.